नाव काढलेली गुंडाळी

अथेन्स. ऑलिव्ह झोडपायला घेतात ते दिवस, चंद्र अर्धा

एपिगेनीसकडून फिलाग्रसला. आनंदात राहा.

वाम मासळी विकणारा सामिखस काल मागच्या दाराने आला. टोपलीत वर गवत, गवताखाली तळ्यातल्या वामी, आणि वामींच्या तळाशी तुझं पत्र. तुझ्या आईने ते पुसलं, उन्हात धरलं, आणि मग माझ्या हातात दिलं. अजून वास येतोय. लढाई सुरू झाल्यापासून थीब्जकडची वाम शहरात आणायला बंदी आहे, तेव्हा सापडलो असतो तर आधी वामीसाठी सापडलो असतो, तुझ्यासाठी नंतर.

दोन वर्षांनी लिहिलंस. आईबद्दल एक ओळ, माझ्याबद्दल अर्धी, आणि बाकी सगळे तुझ्या थीब्जमधल्या मित्रांचे प्रश्न. असो. वाचलं ते बरं वाटलं.

आम्ही त्याच खोलीत आहोत, बंदराकडे जाणाऱ्या लांब भिंतीला टेकून. स्पार्टावाले उन्हाळ्यात येतात, गावाकडचं जाळतात, जातात. आता जाळण्यासारखं फारसं उरलं नाही म्हणून लवकर जातात. टिबिओस मध्यंतरी चोरून गावी जाऊन आला. घरामागच्या नाशपातीचा बुंधा काळा पडलाय म्हणाला, पण खालून फुटवा आलाय. मी त्याला तीनदा विचारलं, नाशपातीचाच ना? तो म्हणाला, "मालक, मी गुलाम आहे, आंधळा नाही."

एक बातमी आहे, हसू नकोस. मी पाचशेंच्या सभेत आहे. नाव मी दिलं नव्हतं. आपल्या गावचे लोक शहरभर विखुरलेत, निम्मे साथीत गेले, आणि मुखियाला माणसं मिळेनात. त्याने मला न विचारता माझं नाव घातलं. मडक्यातून पांढरा पावटा निघाला आणि मी राज्यकर्ता झालो. इथले म्हणतात देव निवडतो. मला तरी तिथे पावटेच दिसले.

सध्या आपल्या जमातीची पाळी आहे. आमच्यातले पन्नास जण रोज गोल घरात जमतात, शहराचा कारभार बघतात आणि तिथेच एकत्र जेवतात. पहिल्या दिवशी मी सातूची भाकरी घेऊन जागा शोधत होतो. एक रुंद खांद्यांचा माणूस बाकावर चामड्याची उशी घेऊन बसला होता, गलबतावर वल्हेकरी बुडाखाली घेतात तसली. मला बघून सरकला.

"ओळखलंत का काका?"

"ओळखलं."

"मग असे उजवीकडे बसा. डाव्या कानाने मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

स्मिक्रियास. तोच. मासळीबाजारात तुला वाट दिली नाही म्हणून ज्याच्या कानावर तू काठी हाणलीस तो. फाटकी घोंगडी, पायात काही नाही. तुला तो कुणाचा तरी गुलाम वाटला. कपड्यांवरून ह्या शहरात कुणालाच काही कळत नाही, ही चूक इथे कुणाच्याही हातून होईल. झाली तुझ्या हातून, आणि तो नागरिक निघाला. पंचांपुढे आईला उभं करून चार अश्रू गाळू दे, ही इथली रीत आहे, असं मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "वल्हं मारणाऱ्यांपुढे माझी आई रडणार नाही." आणि निकाल लागायच्या आदल्या दिवशी डोंगर ओलांडलास. ते पुन्हा उगाळत नाही. एवढंच सांगतो की आता मी रोज त्याच्या उजवीकडे बसून जेवतो. तो कांदा फार खातो.

परवा तिथे जेवताना बंदराकडून वारा आला, खारट, ओला, आणि मला एकदम आपली शाळा आठवली. आपल्या दोघांना एकाच मास्तरांनी शिकवलं, मला त्यांच्या तरुणपणी, तुला त्यांच्या म्हातारपणी. छडी तीच. ती नावाड्याची कविता तुलाही पाठ करायला लावली होती ना? मी मनातल्या मनात म्हणायला लागलो:

*काठ सोडताना मागे पाहू नको, नावाड्या,*
*काठ तुझ्या पाठोपाठ पाण्यावर चालतो;*

आणि पुढे गाडी अडली. चौथी येते, *रात्री मीठ होऊन ओठांवर येतो*. तिसरी गेली. दोन दिवस शोधतोय. तुझी आई म्हणते, "अहो, सभेत काय ठरलं ते विचारलं तर सांगता येत नाही, आणि शाळेतली ओळ शोधताय!" तुझ्या पाटीवरची ती कविता मला डोळ्यांपुढे दिसते. सगळी अक्षरं उजवीकडे कललेली. मास्तर म्हणायचे, ह्या मुलाच्या अक्षरांना वारा लागलाय. अक्षरं दिसतात, ओळ दिसत नाही. तुला आठवत असली तर कळव.

आता तुझ्या मित्रांचा प्रश्न. शहर आतून किती कुजलंय, ढकललं तर पडेल का. वसंतात तुम्ही सीमेवरचा बुरूज घेणार, मग गावं उठतील, वल्हेकरी पळतील, गुलाम मालकांना सोडून तुमच्याकडे येतील. हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी आत बसलोय तर नीट बघतो आणि लिहितो. तोवर काही करू नका. तू तर नकोच.

अथेन्स. गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, वारा उत्तरेचा

एपिगेनीसकडून फिलाग्रसला. आनंदात राहा.

हे वाचून जाळ. सभेतल्या माणसाने थीब्जला पळालेल्या मुलाला शहराची आतली हकिकत लिहिणं ह्याला इथे एकच शिक्षा आहे, आणि ती पेल्यातून पितात. तरीही लिहितो, कारण न लिहिलं तर तू येशील.

तुझ्या मित्रांना वाचून दाखव. मला हा कारभार आवडत नाही. कधीच आवडला नाही. चांगल्या घरच्या, चार गोष्टी शिकलेल्या माणसापेक्षा इथे कुणाही बोलघेवड्याला जास्त ऐकतात, हे मला मान्य नाही. पण आवडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. तुम्ही मला टिकण्याबद्दल विचारलंय.

तुम्ही धरून चालता की ही माणसं अडाणी आहेत आणि त्यांना आपलं हित कळत नाही. तुमचं सगळं इथेच फसतं. परवा गोल घरात एक गोष्ट मांडायची होती. आपल्यापैकीच, चांगल्या घरचा एक जण बोलला. काय बोलला! शब्दाला शब्द लागत गेला, मास्तर असते तर उठून उभे राहिले असते. स्मिक्रियासने हात वर केला तो विरुद्ध. मी विचारलं, "अरे, किती छान बोलला तो!"

"छानच बोलला," तो म्हणाला. "पण ज्याच्यासाठी बोलला तो मी नव्हे."

"आणि विरुद्ध बोलणाऱ्या त्या खारवलेल्या मासळीच्या व्यापाऱ्याला मत दिलंस. तो तर उघड चोर आहे."

"आहे की! पण आमचा चोर आहे, काका. तुमच्याकडचा सज्जन आला की तो आधी आमचं तोंड बंद करतो. चोर निदान बोलू देतो."

पलीकडचे दोघे हसले. मीही हसलो असेन. घरी येऊन विचार केला तर त्यात चूक सापडेना. त्याला चांगलं राज्य नकोच आहे, त्याला स्वतःचं राज्य हवं आहे. चांगल्या राज्यात तो काय असेल ते त्याला पक्कं ठाऊक आहे. ह्याला अडाणीपणा म्हणत असाल तर म्हणा.

दुसरं. शहराला धान्य जहाजातून येतं, खंडणी जहाजातून येते, शत्रू जहाजाला भितो. जहाज कोण हलवतं? आपण ढाल घेऊन घोड्यावर बसणारे ते हलवत नाही. ज्याच्या हातात वल्हं आहे त्याच्या हातात शहर आहे, आणि हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच्या तळहाताला घट्टे पडलेत तिथे ते लिहिलेलं आहे.

तिसरं, गुलाम उठतील हे. टिबिओस आता गोदीत रोजावर दोर वळतो, अर्धी मजुरी मला आणून देतो, अर्धी त्याची. परवा मी तिथे गेलो तर म्हणाला, "मालक, जरा सरका, दोर ओला आहे." सरकलो. रस्त्यात तो कुणाला वाट देत नाही आणि कुणी त्याला मारत नाही, कारण मारणाऱ्याला भीती असते की हा नागरिक निघाला तर. ही भीती किती खरी आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! तेव्हा तो तुमच्या बुरुजावर कशाला येईल? वाट द्यायची सवय पुन्हा लावून घ्यायला?

चौथं, शत्रू आला की जळतं ते आपलं. शेत आपलं, झाडं आपली, म्हणून तह कधी होतो ह्याकडे आपण डोळे लावून बसतो. ज्याचं बाहेर काही नाही तो भिंतीच्या आत निवांत झोपतो. सण असला की आपण खर्च करायचा, आपण नाच बसवायचे, आणि त्यांनी नाचायचं, खायचं, वर नावं ठेवायची. इतकं सगळं ज्याला मिळतंय तो तुमच्यासाठी काय म्हणून उठेल?

म्हणून हे पडणार नाही. गळतं, वास येतो, गोंगाट फार. पण तरंगतं. बाहेरून ढकलणारा पाण्यात पडेल.

म्हणून तू येऊ नकोस, फिलाग्रस.

तुझ्या आईला मी बुरुजाचं सांगितलेलं नाही. ती अजून तुझ्या जुन्या वहाणांना तेल लावते, चामडं तडकू नये म्हणून. परवा तिच्या हातात त्या बघितल्या आणि मी बाहेर जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. टिबिओस पुन्हा गावी जाणार आहे. नाशपातीच्या फुटव्याला काटेरी कुंपण करून ये म्हटलंय, शेळ्या खातील. झाड धरलं तर फळ खायला कुणीतरी हवं. मी तोवर नसेन.

ती तिसरी ओळ कळवली नाहीस. ह्या वेळी विसरू नकोस.

अथेन्स. नवं मद्य उघडण्याचा सण झाला, त्यानंतर

एपिगेनीसकडून फिलाग्रसला.

तुझं उत्तर मिळालं. "तुम्ही त्यांच्यातले झालात." एवढंच. एवढ्यासाठी सामिखसने डोंगर ओलांडला. त्याला मी मद्य पाजलं, तो म्हणाला, "पोरगं तब्येतीनं बरं आहे, मालक, फक्त तोंड कडू आहे." बरं आहे हे त्याच्याकडूनच कळलं.

मी त्यांच्यातला झालेलो नाही. त्यांच्याजवळ बसतो. तेवढ्यात फरक आहे. तो तुला दिसत नसेल तर समोरासमोर सांगितला असता, पण आपण समोरासमोर बसायची सोय तू ठेवली नाहीस.

एक घडलं ते सांगतो. सणाच्या दिवशी जो तो आपापली सुरई घेऊन बसतो, कुणी कुणाला ओतत नाही, ते तुला माहीत आहे. स्मिक्रियास दारावरून चालला होता, हातात सुरई, डोक्यावर फुलांची माळ तिरकी. तुझ्या आईने हाक मारली. मी खुणेने नको म्हणत होतो, पण तिला खुणा कळत नाहीत, की कळून घ्यायच्या नव्हत्या.

"ये रे बाबा, एकटा काय पितोस!"

तो आला, उशी टाकून बसला, आणि नाक वर केलं.

"वाम! आणि तीही तळ्यातली! काकू, ही काही समुद्राने आणलेली नाही."

तुझी आई म्हणाली, "खायची की चौकशी करायची?"

"खायची, खायची." त्याने दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली. मग तिने विचारलं, अगदी सरळ, भाजी कितीला घेतली असं विचारावं तसं, "कान दुखतो का रे अजून?"

"थंडीत ठणकतो, काकू."

ती उठली, ऑलिव्हचं तेल कोमट केलं आणि त्याच्या कानात थेंब थेंब सोडलं. तो लहान मुलासारखा मान तिरकी करून बसला होता. तुझ्यासाठी पंचांपुढे रडायला तू तिला येऊ दिलं नाहीस, तर तिने हे असं केलं. मी बघत होतो. आपली सुरई पीत राहिलो.

जाताना तो दारात थांबला. "काका, कान गेला पण नाक शाबूत आहे."

सभेतला माणूस आहे तो. एक शब्द बोलला तर मी संपलो, आणि सामिखसला तर ते चाकावर बांधून बोलतं करतील. तेव्हा सामिखसला आता काही दिवस पाठवू नकोस.

आणि तू कधी येणार ते लिहिलं नाहीस, त्यावरून कळलं की येणार आहात. मी आणखी काय लिहू? जे खरं दिसलं ते लिहिलं. शेवटचं एक बघ. बुरुजावर चढताना तुझ्या समोर जो येईल तो कोण आहे, नागरिक की गुलाम, हे तुला ह्याही वेळी कळणार नाही. त्यालाही कळणार नाही की तू कुणाचा मुलगा आहेस.

जव अजून हिरवा आहे

आज सभेत एक गुंडाळी वाचली गेली.

सकाळी निरोप्या उभा राहिला. सीमेवरच्या घोडेस्वारांना बुरुजाखालच्या ओढ्यात मोडलेला तळ सापडला होता. शेकोट्या, ढालीचा तुटलेला पट्टा, शेळीची हाडं. मी उभा राहून विचारलं: "मेलेलं कुणी?"

"कुणी नाही. राख थंड होती. पावलं आली तशी उत्तरेला परत गेली. पन्नासेक माणसं असावीत." मग म्हणाला, "हे राखेशेजारी पडलं होतं," आणि लेखनिकाच्या हातात एक पपायरसची गुंडाळी दिली.

मी खाली बसलो. लेखनिकाने ती उलगडून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "अक्षर बघा," तो म्हणाला, "सगळं एका अंगाला झुकलंय. डुलत्या जहाजात बसून लिहिल्यासारखं."

त्याआधी मला आशा होती की दुसरंच काही असेल.

तो वाचायला लागला. "मला हा कारभार आवडत नाही. कधीच आवडला नाही." सभा हसली. मी हसलो नाही. माझी नजर लेखनिकाच्या तोंडावर होती. पुढचं प्रत्येक वाक्य तो म्हणायच्या आधी मला ठाऊक होतं, आणि कुठल्या वाक्यात मी आहे तेही. पहिल्याच ओळीत माझं नाव असायला हवं होतं. ते नव्हतं. गोल घर यायला हवं होतं. नाही आलं. चोराची गोष्ट आली, पण "लोक असं म्हणतात" अशी. लोक खूश झाले, एकाने ओरडून सांगितलं, "अगदी बरोबर! आमचाच चोर!" दोर आला नाही, टिबिओस आला नाही, नुसतं आलं की इथले गुलाम वाट देत नाहीत, आणि मारायला जावं तर अंगावरच्या कपड्यांवरून नागरिक कोण ते कळत नाही. तिथे स्मिक्रियासने डाव्या कानाला हात लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

मग ते आलं. "गळतं, वास येतो, गोंगाट फार. पण तरंगतं. बाहेरून ढकलणारा पाण्यात पडेल." आता पुढे तुझं नाव. मग तुझी आई, वहाणा, नाशपात. मी दगडी बाक दोन्ही हातांनी धरला. स्मिक्रियासने बुडाखालची उशी काढली आणि समोर बघतच माझ्याकडे सरकवली.

"इथे संपतं," लेखनिक म्हणाला. मग गुंडाळी जरा खाली ओढली. "नाही, तळाला एक ओळ आहे. ह्याच्याशी काही संबंध दिसत नाही. कवितेसारखी आहे." आणि त्याने ती हिशेब वाचावा तशी वाचली:

*दिवसा तो तुझ्या शेजारी वल्ह्याशी बसतो,*

मागून कुणी तरी जांभई दिली.

मी पूर्ण कविता मनात म्हणून पाहिली. चारही ओळी. बसते. ऑलिव्हच्या दिवसांपासून अडकलेली होती. तू ती माझ्यासाठी लिहिलीस, की शेकोटीपाशी हात रिकामा होता म्हणून, हे मला कळायला मार्ग नाही. विचारणारही नाही.

नंतर कल्ला झाला. सगळ्यात मोठ्याने ओरडला तो आपल्यातलाच एक, नाव सांगत नाही, ज्याच्या घरी तू लहानपणी अंजिरं चोरायचास. "शोधा त्याला! शहरात बसून लिहिलंय हे! विष द्या!" घाबरला होता बिचारा. गुंडाळीतल्या बोलण्याची ढब त्याच्यासारखीच होती ना.

स्मिक्रियास उठला. तो सभेत क्वचित बोलतो.

"शोधून काय करणार?" तो म्हणाला. "हा माणूस म्हणतो, मला तुम्ही आवडत नाही. बरं. मलाही तो आवडला नसता. पण तो म्हणतो, हे पडणार नाही. त्याच्या लोकांनी ते वाचलं, शेकोटी विझवली आणि घरी गेले. आपल्या घोडेस्वारांना बुरूज लढून राखावा लागला असता तर आज इथे प्रेतं मोजत बसलो असतो, त्यांची आणि आपली. मी म्हणतो, ह्याच्या आणखी चार नकला काढा आणि थीब्जला वाटा."

सभा खदाखदा हसली, आणि हसली की ती पुढच्या विषयाकडे जाते. गुंडाळी जुन्या गुंडाळ्यांच्या मडक्यात गेली. बिननावाची.

खरं सांगायचं तर वाचन चालू असताना मला आधी वाईटच वाटलं होतं. माझं पत्र, आणि त्यातून मीच गेलो, तुझी आई गेली, झाडही गेलं. राहिलं काय तर एका कोरड्या, कुजकट माणसाचं बोलणं. वाटलं, तुला आमची लाज वाटली. बाकावरच बसून पुन्हा एकेक जागा आठवली. जिथून जिथून हे लोक माझ्या दारापर्यंत येऊ शकले असते, नेमक्या त्याच जागा गेल्या होत्या. एकही चुकली नव्हती. इतकं बारकाईने तू माझं पत्र वाचशील असं मला वाटलं नव्हतं.

बाहेर पडलो तेव्हा स्मिक्रियास पायऱ्यांवर थांबला होता. मी त्याची उशी परत दिली.

"लिहिणाऱ्यापेक्षा कापणारा हुशार, काका," तो म्हणाला.

"कापलंय हे कशावरून?"

"मध्ये मध्ये दम घ्यायच्या जागाच नाहीत. तुमच्याजवळ इतके दिवस जेवलोय, तुम्ही नाशपातीचं काढल्याशिवाय दोन वाक्यं सलग बोलत नाही." मग हसला. "आणि ती शेवटची ओळ! वल्ह्याशी 'तो' बसतो म्हणे! ज्याने लिहिलं त्याने कधी वल्हं धरलेलं नाही. तिथे शेजाऱ्याचा घाम बसतो."

"ती जुनी कविता आहे. शाळेतली."

"असेल. आम्हाला शाळा नव्हती. पण ऐकायला बरी आहे. पुरी म्हणा."

मी चारही ओळी म्हटल्या, तिथेच पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता.

ह्या पत्राला मी वर नाव घातलेलं नाही, तुझंही नाही. तू जे काढलंस ते मी पुन्हा कशाला घालू? नको म्हटलं तरी सामिखस धंद्यासाठी आलाच, पुढच्या आठवड्यात परत जातोय, त्याच्याकडे देतो. कुंपण झालंय. फुटवा आता टिबिओसच्या गुडघ्याएवढा आहे. आईला आज सगळं सांगितलं, बुरुजासकट. ती म्हणाली, "वहाणा त्याला आता लहान होतील." तरी तेलाचा बुधला काढलाच.

राहता राहिलं ते स्मिक्रियासचं. निरोप घेताना त्याने उशी काखेत मारली, दोन पावलं गेला, आणि वळला.

"काका, यायचंच असेल कुणाला, तर दिवसा येऊ दे, हमरस्त्याने. आणि मासळीबाजारात मी समोरून आलो तर आधी त्याने वाट द्यायची. मग कानाचं काय ते आम्ही दोघं बघू. पंचांचं काम नाही त्यात."

मी म्हटलं, कळवतो.

कुणाला, हे त्याने विचारलं नाही.